स्मृतिभ्रंशातील वर्तनलक्षणे आणि औषधे : प्रस्तावना

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या विसरण्याची घराला हळूहळू सवय होते. चष्मा फ्रिजमध्ये सापडतो, एकच प्रश्न तासाभरात दहादा विचारला जातो, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली जाते. घर ते सांभाळून घेते. घराचा धीर सुटतो तो वागणे बदलू लागल्यावर. रात्री दोन वाजता दाराची कडी काढून बाहेर पडणे, सुनेने बांगड्या चोरल्या असे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणे, आंघोळ घालणाऱ्या हाताला ओरबाडणे, आरशातल्या बाईला घराबाहेर काढा म्हणून आकांत करणे, अशा गोष्टींना वैद्यकात ‘वर्तन व मानसिक लक्षणे’ असे एकत्र नाव आहे. इंटरनॅशनल सायकोजेरिॲट्रिक असोसिएशन या वृद्धमानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९६ साली ते रूढ केले. संशय, भास, चिडचिड, आक्रमकता, येरझाऱ्या, आरडाओरडा, उदासी, चिंता, अनास्था, झोपेचे उलटे चक्र आणि खाण्यापिण्यातले बदल हे सारे त्यात येते. आजाराच्या सगळ्या वर्षांत यांपैकी एखादे तरी लक्षण जवळजवळ प्रत्येक रुग्णात दिसते.

भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. यांतले बहुतेक जण घरीच राहतात. त्यांच्यासाठी चालणारी निवासी केंद्रे मोजकी आहेत, आणि जी आहेत त्यांचा खर्च मध्यमवर्गीय निवृत्तिवेतनात बसत नाही. या प्रश्नाचा उपनगरी चेहरा पाहायचा तर कांजूरमार्गसारखे ठिकाण पुरेसे आहे. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधले हे स्थानक. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्याच्या कडेने एकेकाळी धडधडणारे कारखाने, पूर्वेला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे मिठागरे व खाडी. कारखान्यांच्या पाळ्यांवर जिची उमेदीची वर्षे गेली ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. कारखान्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, चाळींच्या जागी इमारती आल्या, मुले-सुना सकाळच्या लोकलने कामाला जाऊ लागल्या. दोन खोल्यांच्या घरात म्हातारा माणूस आणि त्याला सांभाळायला ब्युरोतून आलेली मावशी एवढीच दोघे दिवसभर असतात. अशा घरात एका माणसाची रात्रीची झोप उडाली की सगळ्यांचीच उडते, आणि सकाळी सात अठ्ठावनची गाडी तर चुकवून चालत नाही. ‘काहीतरी द्या, पण त्यांना शांत करा’ ही डॉक्टरांकडची मागणी अशा थकव्यातून येते. ती समजून घेतल्याशिवाय औषधांची चर्चा करणे अन्यायाचे ठरेल.

मराठीत या वागण्याला फार जुनी नावे आहेत. ‘म्हातारचळ लागला’, ‘साठी बुद्धी नाठी’, ‘भ्रमिष्ट झाला’. या शब्दांचा एक परिणाम असा होतो की आजार वयाच्या खात्यावर जमा होतो. विसरभोळेपणासाठी कोणी दवाखान्यात जात नाही, संशयाला स्वभाव म्हणतात आणि रागाला हट्ट. डॉक्टर पहिल्यांदा दिसतो तो मारहाण झाल्यावर किंवा माणूस हरवून सापडल्यावर, आणि तेव्हा विचार करायला कोणाकडे वेळ नसतो. वास्तविक वागण्यातला बदल हा या आजाराचा पहिल्यापासूनचा भाग आहे. आलोइस आल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात तपासलेल्या आउगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीचे पहिले ठळक लक्षण होते नवऱ्याविषयीचा मत्सर आणि संशय. पुढे ती वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, आपल्याला कोणी मारायला आले आहे असे वाटून किंचाळू लागली. १९०६ साली ती वारली, आणि त्याच वर्षी आल्झायमर यांनी तिच्या मेंदूतले बदल ट्युबिंगेनच्या सभेत मांडले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे विद्वान हत्तीच्या मागोमाग निघून जातात. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. हरवण्यामागेही एक ओढ असते, हे त्या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांपुढे ठेवले.

वर्तन बदलण्याची कारणे तीन थरांत पाहावी लागतात. पहिला थर मेंदूचा. आवर घालणारा कपाळामागचा भाग झिजला की मनात आलेले तोंडातून आणि हातातून तसेच बाहेर पडते. आठवणीत पोकळी राहिली की मन ती संशयाने भरते. बांगड्या कुठे ठेवल्या हे आठवत नाही आणि आपण विसरलो हेही आठवत नाही, तेव्हा त्या कोणीतरी चोरल्या हाच एक अर्थ उरतो. मेंदूतली असेटिलकोलीन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन ही रसायने कमीजास्त होतात आणि त्यांच्यासोबत झोप, मनःस्थिती व सावधपणा बिघडतो.

दुसरा थर शरीराचा. बोलून सांगता येत नाही असे दुखणे वागण्यातून व्यक्त होते. गुडघ्याचा संधिवात, किडलेली दाढ, चार दिवसांचे बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कमी पडणे, यांतले काहीही माणसाला अस्वस्थ करू शकते. नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. अस्वस्थ रुग्णांना पॅरासिटामॉलपासून सुरुवात करून पायरीपायरीने वेदनाशामके दिली, तेव्हा आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. मोतीबिंदू आणि बहिरेपणही इथेच येतात, कारण अर्धवट दिसणाऱ्याला पडद्याच्या सावलीत माणूस दिसतो आणि अर्धवट ऐकणाऱ्याला शेजारच्या खोलीतली कुजबुज स्वतःविषयी वाटते.

तिसरा थर भोवतालचा आणि गतायुष्याचा. पुनर्विकासानंतर विसाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या वृद्धाला लिफ्ट, लांबलचक वऱ्हांडा आणि एकसारखी दारे ओळखीची होत नाहीत. तो ‘घरी जायचंय’ म्हणत राहतो, आणि त्याचे घर म्हणजे चाळीतली खोली असते किंवा कोकणातले. तीस वर्षे पहिल्या पाळीला गेलेला कामगार पहाटे चारला उठून डबा मागतो आणि अडवले की चिडतो. त्याच्या लेखी त्याला कामावर जाऊ दिले जात नसते. तिन्हीसांजेला ही बेचैनी वाढते. कातरवेळेची हुरहूर मराठी माणसाला नवी नाही. स्मृतिभ्रंशात थकलेला मेंदू, उतरता उजेड आणि कामावरून परतणाऱ्यांची घरातली गडबड एकाच वेळी येतात आणि ती हुरहूर आकांतापर्यंत जाते.

या तीन थरांच्या पलीकडे एक स्थिती वेगळी ओळखावी लागते. वागणे तासा-दिवसांत अचानक बदलले, माणूस मध्येच गुंगीत आणि मध्येच सैरभैर असा हेलकावत असेल, तर तो स्मृतिभ्रंशाचा पुढचा टप्पा नसून बहुधा डेलिरियम म्हणजे तीव्र संभ्रम असतो. त्यामागे न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, डोक्याला लागलेला मार, पाण्याची कमतरता किंवा नुकतेच सुरू केलेले औषध असते. ही तातडीची बाब आहे. इथे झोपेची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

म्हणून औषधाआधी चौकशी येते. अमेरिकेतल्या केल्स, गिटलिन आणि लायकेटसॉस या तज्ज्ञांनी तिची चार पायऱ्यांची रीत मांडली आहे. घडले ते नेमके वर्णन करणे, कारण शोधणे, उपाय आखणे आणि परिणाम तपासणे. ‘ते आक्रमक झालेत’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘रोज सकाळी आठला, मावशी थंड पाण्याने अंगाला हात लावते तेव्हा मारतात, एरवी नाही’ या वाक्यात उपायही आहे. पाणी कोमट करणे, आधी सांगणे, अंगावर पंचा ठेवणे, वेळ बदलणे. आठवडाभर साध्या वहीत वेळ, जागा, आधी काय घडले आणि नंतर काय झाले एवढे लिहिले तरी डॉक्टरांच्या हाती तपासण्यांइतकीच मोलाची माहिती येते. संध्याकाळी दिवे लवकर लावणे, आरसा झाकणे, दुपारची झोप आखूड करणे, सकाळच्या उन्हात फिरवणे, ओळखीची भजने किंवा जुनी गाणी लावणे, शेंगा सोलणे, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी हाताला सवयीची कामे देणे, या उपायांना दुष्परिणाम नाहीत. वाद न घालणे हा त्यांतला सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी. चोरी झालीच नाही हे पटवून देण्यापेक्षा बांगड्या सोबत बसून शोधणे अधिक शांतवते.

चालू औषधांची झडतीही याच चौकशीत येते. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन, लघवीवरचे ऑक्सिब्युटिनिन, जुन्या पद्धतीचे नैराश्यविरोधी अमिट्रिप्टिलीन ही सारी असेटिलकोलीनच्या विरोधात काम करतात. स्मृतिभ्रंशात ते रसायन आधीच तुटपुंजे असते. पार्किन्सनवरच्या गोळ्यांनी भास होऊ शकतात. अशा वेळी नवे औषध वाढवण्याऐवजी जुने कमी करणे हाच उपचार असतो. जटामांसी, ब्राह्मी, अश्वगंधा यांसारखी घरी चालू असलेली चूर्णे व काढेही डॉक्टरांना सांगायला हवेत, कारण गुंगी आणणारी द्रव्ये एकावर एक साठतात.

मन शांत करणाऱ्या औषधांच्या इतिहासात मुंबईचा वाटा आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा उपयोग उन्माद आणि निद्रानाशावर या देशात पूर्वापार होत आला. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे गुण आधुनिक वैद्यकाच्या भाषेत नोंदवले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण सिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि ते मनोविकारांवर वापरले जाऊ लागले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनने आधुनिक मनोविकारविरोधी औषधांचे युग सुरू केले. १९५८ साली हॅलोपेरिडॉल आले, नव्वदच्या दशकात रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन आणि क्वेटियापिन आली. यांतली कोणतीही औषधे स्मृतिभ्रंशासाठी शोधलेली नव्हती. ती मुख्यतः स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवर वापरली जात. वृद्धांना ती दिली जाऊ लागली, कारण ती हाताशी होती आणि गोंगाट थांबवत होती.

त्यांचा उपयोग खरा आहे, पण मोजका. तीव्र आक्रमकता आणि त्रासदायक भास-संशय यांवर रिस्पेरिडोनचा थोडा गुण चाचण्यांत वारंवार दिसला. अमेरिकेत ४२१ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ओलॅन्झापिन, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन यांची तुलना औषध नसलेल्या नुसत्या गोळीशी केली, तेव्हा मिळालेला गुण दुष्परिणामांनी खाऊन टाकला असा निष्कर्ष निघाला. दुष्परिणामांची यादी लांब आहे. गुंगी, तोल जाऊन पडणे, हातपाय ताठरणे, गिळताना ठसका, वजन आणि साखर वाढणे, पक्षाघात, न्यूमोनिया, हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २००५ मध्ये या वर्गातील नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांतले ४.५ टक्के दगावले होते, तर नुसती गोळी घेणाऱ्यांतले २.६ टक्के. २००८ साली हाच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू झाला.

दीर्घकाळ औषध चालू ठेवल्याचे चित्र ब्रिटनमधल्या एका प्रयोगाने दाखवले. आधीपासून औषध घेणाऱ्या १६५ रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध चालू ठेवले आणि निम्म्यांना नुसती गोळी दिली. दोन वर्षांनी औषध चालू राहिलेल्यांतले ४६ टक्के हयात होते, बंद केलेल्यांतले ७१ टक्के. हा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, २००९ मध्ये, प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारसाठी अहवाल लिहिला. त्या देशात स्मृतिभ्रंशाचे सुमारे १,८०,००० रुग्ण ही औषधे घेत होते, त्यांतल्या सुमारे ३६,००० जणांना काही गुण येत असावा आणि वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत असावेत, असा त्यांचा हिशेब होता. त्यानंतर तिथे औषधांच्या चिठ्ठ्या बऱ्याच कमी झाल्या. आजही ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशात रिस्पेरिडोनला मिळालेली परवानगी आल्झायमरमधील चिवट आक्रमकतेपुरती, स्वतःला किंवा इतरांना धोका असताना, आणि जास्तीत जास्त सहा आठवड्यांसाठी आहे.

स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार या औषधांच्या बाबतीत विशेष धोक्याचा आहे. लुई बॉडी प्रकारात माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसण्याचे भास, दिवसागणिक चढउतार, अंगाचा ताठरपणा आणि झोपेत हातपाय झाडणे अशी चिन्हे दिसतात. भास आहेत म्हणून हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले, तर असा रुग्ण लाकडासारखा ताठ होऊन अंथरुणाला खिळू शकतो, दगावूही शकतो. त्यामुळे निदानाचा प्रकार माहीत असणे ही औषधाची पहिली अट ठरते. आपल्याकडे आणखी एक साखळी नेहमी दिसते. हॅलोपेरिडॉलने ताठरपणा येतो, त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल दिले जाते, त्याने संभ्रम वाढतो, आणि वाढलेल्या संभ्रमासाठी पहिल्या औषधाचा डोस चढतो. ही साखळी पहिल्या कडीपाशीच तोडावी लागते.

इतर औषधांची पारखही चाचण्यांनी केली आहे. २०१४ सालच्या १८६ रुग्णांवरील चाचणीत सिटालोप्राम या नैराश्यविरोधी औषधाने अस्वस्थता कमी झाली, पण चाचणीतल्या मात्रेत हृदयाच्या विद्युतलेखात दोष आला आणि बुद्धी थोडी मंदावली. म्हणून साठीपुढे त्याची मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. झोप आणि भूक वाढवते म्हणून मिर्टाझापिनकडून आशा होती. बॅनर्जी यांच्याच २०२१ सालच्या २०४ रुग्णांच्या चाचणीत त्याने अस्वस्थता कमी झाली नाही. व्हॅल्प्रोएटचा उपयोग दिसला नाही, गुंगी मात्र दिसली. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या घरोघरी सर्रास मिळतात आणि स्मृतिभ्रंशात त्यांनी पडण्याचा धोका वाढतो. त्या घेऊन रात्री लघवीला उठलेला माणूस मांडीचे हाड मोडून घेतो. काही जणांत त्या उलटा परिणाम करून चिडचिड वाढवतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि मेमान्टिन ही बुद्धीसाठी दिली जाणारी औषधे भडकलेला माणूस लगेच शांत करत नाहीत. लुई बॉडी प्रकारातल्या भासांवर मात्र रिव्हास्टिग्मिनचा गुण दिसला आहे, आणि त्या प्रकारात तेच आधी वापरतात. मे २०२३ मध्ये अमेरिकेने आल्झायमरमधील अस्वस्थतेसाठी ब्रेक्सपिप्राझोलला मान्यता दिली. या कारणासाठी तिथे मान्यता मिळालेले ते पहिले औषध. मृत्यूविषयीचा कडक इशारा त्याच्या वेष्टनावरही आहे.

काही वर्तनांवर कोणतेही औषध चालत नाही, आणि हे घराला आधीच सांगितले तर पुष्कळ निराशा टळते. भटकणे, वस्तू लपवणे, साठवणे, तोच प्रश्न विचारणे, एकच हाक मारत राहणे, नको त्या ठिकाणी लघवी करणे, अंगावरचे कपडे काढणे. गोळीने यांत फरक पडलाच तर तो गुंगीमुळे पडतो. भटकणाऱ्यासाठी गळ्यात किंवा मनगटाला नाव-फोन असलेली पट्टी, दाराच्या वरच्या बाजूला कडी, इमारतीच्या पहारेकऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिलेली कल्पना हे उपाय गोळीपेक्षा खात्रीचे आहेत. कांजूरमार्गला एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला महामार्ग असताना तर ते आधीच करून ठेवण्याचे आहेत.

तरीही औषध लागते अशा वेळा येतात. भासांनी माणूस जेवण सोडतो, अन्नात विष आहे या भयाने तहानलेला राहतो, हाती लागेल ते फेकतो, पत्नीला जखमी करतो. तेव्हा औषध नाकारणे हीसुद्धा क्रूरता होईल. अशा वेळी ते कसे द्यावे याविषयी तज्ज्ञांत बरीच एकवाक्यता आहे. कोणत्या एका लक्षणासाठी औषध आहे ते चिठ्ठीवर लिहावे आणि सुरुवातीला ते किती वेळा, किती तीव्र आहे याची नोंद करावी. रक्तदाब, साखर, सोडियम, मूत्रपिंडाचे काम आणि हृदयाचा विद्युतलेख तपासून घ्यावा. एका वेळी एकच औषध, तेही लहानात लहान मात्रेत. रिस्पेरिडोनची सुरुवात पाव मिलिग्रॅमने होते, आणि तरुण रुग्णाची मात्रा वृद्धाला लावत नाहीत. मात्रा हळूहळू वाढवावी. पुरेशा मात्रेत चार आठवड्यांत गुण आला नाही तर औषध उतरवून थांबवावे. गुण आला तरी चार महिन्यांच्या आत ते कमी करून पाहावे, असे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनची २०१६ सालची मार्गदर्शिका सांगते. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीच्या २०१८ सालच्या मार्गदर्शिकेचाही भर औषधाविना उपायांना आधी संधी देण्यावर आहे. थोडक्यात, औषध सुरू होते त्याच दिवशी ते पुन्हा तपासण्याची तारीख ठरायला हवी. ती चिठ्ठीवर नसली की सहा आठवड्यांची गोळी सहा वर्षे चालते. चिठ्ठी दर महिन्याला औषधाच्या दुकानात दाखवली जाते, पट्टी मिळते, आणि ती कशासाठी सुरू झाली होती हे घरात कोणाला आठवत नाही.

दुकानाची वाटही कायद्याने आखलेली आहे. मनोविकारविरोधी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे ‘एच-वन’ या कडक यादीत आहेत, आणि विक्रेत्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवावे लागते. ओळखीवर मिळालेली पट्टी हा उपकार नसतो. संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. आजार सुरुवातीचा असताना, निर्णयाची क्षमता शाबूत असताना, माणूस आपल्याला कोणते उपचार हवेत-नकोत हे आगाऊ लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. निदान झाल्यावर ही गोष्ट पहिल्या काही महिन्यांत करण्याची आहे, कारण पुढे तो अवकाश राहत नाही. खिरीत किंवा वरणभातात गोळी मिसळून देणे अनेक घरांत चालते. ते गुपचूप करण्याऐवजी डॉक्टर आणि प्रतिनिधी यांच्याशी बोलून, कारण लिहून ठरवावे. काही गोळ्या कुटून देता येत नाहीत, त्यांतला हळूहळू सुटणारा डोस एकदम पोटात जातो, हेही त्या चर्चेत कळते.

औषधांची गरज कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग काळजी घेणाऱ्या माणसातून जातो. याचा पुरावा मराठी मुलखाच्या शेजारीच, गोव्यात आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक, कमी प्रशिक्षणावर तयार केलेल्या कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावत, त्रासदायक वागणे कसे हाताळावे ते दाखवत, घरच्यांचे ऐकून घेत, आणि लागल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषध देत. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास उतरला. रुग्णाच्या वर्तनातली सुधारणा मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. त्यातून एक गोष्ट उघड होते. वागणे तेच राहिले तरी ते सोसण्याचे बळ वाढवता येते, आणि गोळीची मागणी बऱ्याचदा त्या बळाच्या अभावी होते.

पूर्व उपनगरांसाठी मदतीच्या वाटा रेल्वेच्या मार्गावरच आहेत. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचे केईएम रुग्णालय या पालिकेच्या शिक्षण रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ठाण्यात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि १९९० पासून काम करणारी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था आहे. १९९२ साली कोचीनला सुरू झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ देशभर कुटुंबांना एकत्र आणते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७. रुग्णाला बाहेर नेणे शक्य नसेल तेव्हा वर्तनाची वही आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन घरातल्या एकाने आधी जाणे हीसुद्धा चांगली सुरुवात असते. दिवसभर सोबत असणारी मावशी बरोबर असेल तर अधिक चांगले. तिने पाहिलेले इतर कोणी पाहिलेले नसते.

वर्तनलक्षणे आजारासोबत बदलतात. सुरुवातीला उदासी आणि चिंता, मधल्या टप्प्यात संशय, भास, येरझाऱ्या आणि राग, आणि शेवटी, माणूस अंथरुणाला लागल्यावर, बहुधा शांतता. मधल्या टप्प्यातले वादळ काही महिन्यांचे किंवा दोन-तीन वर्षांचे असते, कायमचे नसते. म्हणून मागच्या पावसाळ्यात आवश्यक असलेले औषध या पावसाळ्यात निरुपयोगी झालेले असू शकते, आणि शेवटच्या टप्प्यात ते केवळ गिळणे अवघड करते व श्वासनलिकेत घास अडकण्याचा धोका वाढवते. तिथे उपचार म्हणजे वेदना शमवणे, तोंड ओले ठेवणे, कूस बदलणे आणि ओळखीचा आवाज कानावर पडत राहणे. त्या वेळी गोळ्यांची यादी एकेक नाव खोडत लहान करणे हे डॉक्टर आणि घर यांचे शेवटचे औषधविषयक काम असते.